गट नंबर ११२ मधला हौद, मिठाचे यंत्र आणि खालची बाग

मी, द्रौपदाबाई आधार महाजन, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार बोरखेडे, तालुका यावल, माझी अक्कल जागेवर असताना सांगते आणि रतिलाल वकील लिहून घेतात. मला अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक कलम दोनदा वाचून घेतले आहे. अक्कल जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. असा दाखला माझा मुलगा गुलाब याने हौद बांधण्याआधी घेतला असता तर बरे झाले असते.

१. माझी पोत आणि पितळी भांडी जामनेरला दिलेली मुलगी कलाबाई हिला. घंगाळे तिने तीन वर्षांपूर्वीच नेले आहे, ते धरून.

२. गट ११२ मला वडिलांनी दिलेला आहे. वरच्या अंगाला घर व हौद, उताराला विहीर आणि चार एकर केळी. गुलाब हौदाला स्विमिंग पूल म्हणतो. म्हणो बापडा, सातबारा माझा आहे. हा गट कोणाकडे जातो त्यावर बाग जगते की मरते हे ठरेल.

३. हौदाला सिंगापूरहून आणलेले यंत्र आहे. पाण्यात मीठ असले की यंत्रातल्या पत्र्यांतून वीज जाऊन त्याचेच क्लोरीन होते, पाणी नासत नाही. मीठ संपत नाही, तेच फिरून कामाला येते. गेल्या वर्षी 'मीठ कमी'चा दिवा लागला. गुलाबने दहा गोण्या ओतल्या. दिवा जाईना, म्हणून आणखी दहा. मी बोट बुडवून जिभेला लावले आणि थुंकले.

"गुलाब, हे पाणी वरणाच्या निम्मं खारट लागायला हवं. तू लोणचं घातलंस."

"आई, यंत्र सिंगापूरचं आहे. तुझी जीभ बोरखेड्याची."

४. सून प्रमिला हिने वीज बंद करून पत्र्या काढल्या. वर पांढरा थर होता. "आत्याबाई, आपल्या ठिबकच्या तोट्या अशाच बुजतात ना?" ठिबकला देतो ते ॲसिड बादलीभर पाण्यात थोडेसे सोडून तिने पत्र्या बुडवल्या. दिवा गेला. तीस एकर ठिबकवाल्या गुलाबला हे सुचले नाही.

येथे कबूल करते की, त्याआधीच्या पत्र्या मी राख आणि काथ्याने घासून लख्ख केल्या होत्या. त्यांच्यावरचा धातूचा लेप निघाला आणि त्या मेल्या. गुलाबने बोल वर्षाच्या कराराचा सालदार गडी भिकन याला लावला, मी गप्प राहिले. भिकनला माझी दुभती म्हैस द्यावी. माफी मी आज सकाळी मागितली. तो म्हणाला, "अक्का, मले माहीत होतं. राख तुमच्या लुगड्याले लागेल होती."

५. ते लोणचे गुलाबने उतारावर सोडून दिले. केळीची पाने कडेने करपली, विहीर मचूळ झाली. पाहुण्यांना सांगतो, ऊन लागलं. ऊन आमच्या बांधापाशी येऊन थांबले असावे, कारण शेजारची बाग हिरवीगार आहे.

६. म्हणून गट ११२, हौद, यंत्र, विहीर व बागेसह, प्रमिलाला. वकील म्हणाले, "अक्का, मुलगा असताना सुनेला? गुलाबभाऊ कोर्टात जातील." जाऊ दे. हौदात तरी कुठे जातो? कंबरभर पाण्यात उभा राहून फोटो काढतो. त्याला उरलेल्या मिठाच्या गोण्या आणि यंत्राचे इंग्रजी पुस्तक द्यावे. इतर जमीन त्याच्याच नावावर आहे, उपाशी राहणार नाही.

७. येत्या रविवारी पाहुणे यायचे म्हणून गुलाब हौद पुन्हा रिकामा करणार आहे. मी मरेपर्यंत केळीला थांबता येणार नाही. म्हणून हौदाचे पाणी सोडायच्या व्हॉल्व्हचे चाक भिकनकडून काढवून घेऊन, अंगठा उठवण्याआधी प्रमिलाच्या हातात दिले. एवढे एक कलम आजपासून लागू.

साक्षीदार: निंबा तुकाराम पाटील, शेजारी (हिरव्या बागेचे)
साक्षीदार: सुरेशचंद भिकमचंद जैन, मिठाचे व्यापारी
डाव्या हाताचा अंगठा: द्रौपदाबाई आधार महाजन
यावल, ता. ९ मे १९९६

ता. क. गुलाब सकाळपासून चाक शोधतो आहे. साक्षीदारांनी बोलू नये.