आतली पंगत

कासारवाडी, ३ जुलै २०२४

चि. शरच्चंद्र यास अ. उ. आशीर्वाद.

मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि गुडघा जिने उतरू देत नाही, म्हणून हे पत्र. शैला गेल्यापासून तू चहा-खारीवर जगतोयस, असं सई सांगत होती. लेकीने आणलेला डबा उघडतही नाहीस म्हणे. सारखा ताप, तोंड आलेलं, तरी साहेब ढिम्म!

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता तुला शिकवते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. भाज्या, कडधान्यं, सालं यांतला चोथा आपल्याला पचत नाही. ते त्यांचं जेवण. त्यापासून ते जे तयार करतात, त्याने आतड्याचं अस्तर धड राहतं, रोगाशी लढणाऱ्या पेशींना मदत होते. चोथा मिळाला नाही, तर काही जण अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. मैद्यात त्यांना काय मिळणार? स्वतःची नाही तर त्यांची तरी दया कर, मेल्या.

माया आहे म्हणून बोलते.

तुझी ताई

सांगवी, ९ जुलै

ती. ताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

ताप उतरलाय. रागावलो नाही. खरं सांगायचं तर राग येत नाही, रडू येत नाही, भूक लागत नाही. सई समोर बसून रडते आणि मी पंख्याकडे बघत राहतो.

आत एवढी मंडळी उपाशी बसलीत हे मात्र माहीत नव्हतं. शैलाने मीटर बघायला आलेल्यालाही कधी तसंच पाठवलं नाही. म्हणून परवा पोळीभाजी केंद्रातून ज्वारीच्या भाकरी आणल्या, गवार केली, मटकीची उसळ केली. कशालाच चव लागली नाही, पण सगळं संपवलं. रात्री पोट टम्म फुगलं. मंडळींना आवडलं नाही की काय?

आशीर्वाद असू द्यावा.

शरच्चंद्र

कासारवाडी, १४ जुलै

चि. शरच्चंद्र यास अ. उ. आशीर्वाद.

अरे बाबा, उपाशी मंडळींना एकदम भरल्या ताटावर बसवलंस! थोडं थोडं वाढ, पाणी पी. आणि परत ताप आला तर आधी डॉक्टर. चोथा म्हणजे औषध नव्हे. खूप दिवसांनी हसले रे.

जप स्वतःला.

ताई

सांगवी, २५ जुलै

ती. ताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

आता बेताने वाढतो. पोट शांत आहे. भूक अजून नाही. शैलाचा फोटो बघूनही आत काही हलत नाही, याची भीती वाटते.

काल सईने माठाची भाजी आणली. मंडळींसाठी म्हणून खायला बसलो. दुसऱ्या घासाला तिला म्हणालो, खारट झालीय. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ओट्याला टेकून हमसाहमशी रडली. या वेळी मीही रडलो, ताई.

लोभ आहेच, तो वाढो.

शरच्चंद्र