बुधीच्या विहिरीचा आकडा

घिवली,
मंगळवार, १९ जानेवारी १९८८

चि. भागी हिस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे अजून दोन आहेत, एवढंच सांगते. (तुझा तो डॉक्टर सोड. पाय न बघता सुई टोचतो.)

आमची सुलू कॉलेजात सायन्स शिकते. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी पावसाळ्यापासून विहिरींचं पाणी तपासत हिंडल्या. गवत विकायला येते ती बुधी, तिचा पाडा रंगाच्या कारखान्यामागे. तिची चार वर्षांची पोर गणपतीत ओकून ओकून गेली. त्याच आठवड्यात सुलूने तिथल्या विहिरीतल्या विषाचा आकडा घेतला, तो बाकीच्या विहिरींच्या दसपट. कच्च्या वहीत लिहिला. दिवाळीत तिघी पक्की वही करायला बसल्या. (इतकी देखणी की ओवाळावी.) तो एक आकडा कोणाला तरी चुकीचा वाटला, तिने एक शून्य गाळलं. कोणी, ते तिघींनाही आठवत नाही. आता शुक्रवारी पाणी तपासणारा सरकारी साहेब येणार, म्हणतो मूळ लिहिलेलं दाखवा, नाहीतर पोर तापाने गेली असंच लिहीन. आणि कच्ची वही पोरींनी कुठे हरवली, देव जाणे.

मी तिघींपुढे जाळं टाकलं. म्हटलं, "हे आम्ही शेजारणी चौघींनी सांधलंय. ही गाठ जिवलीची, ही पारूची. बोटाला कळतं. तुमच्या वहीत का नाय कळत?" सुलू म्हणते, "आजी, जाळं वेगळं, सायन्स वेगळं." म्हटलं, "हो, जाळ्यात काहीतरी सापडतं." मग ठरवून दिलं. प्रत्येकीची शाई वेगळी. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला नाव आणि वार. एकेक नक्कल प्रत्येकीच्या घरी. खोडरबर मी चुलीत घातलं. (वास अजून आहे.)

बुधी काल ओट्यावर येऊन बसली. "माज्या पोरीचा आकडा गावला का?" मी चहा दिला. पाणी कुठलं ते विचारून मग प्याली.

तुझी,
मैना

ता. क. डिसेंबरात तुला सुके बोंबील पाठवले, ते बांधलेले कागद चुलीत घालू नकोस. रेघांचे, निळ्या शाईचे. एकावर 'बुधीचा पाडा' लिहिलंय. वास मारत असला तरी चालेल. हे पत्र आणणाऱ्या पारूच्याच हाती परत दे. जाळले असशील तर तसं लिही. मनाचा आकडा घालून पाठवू नकोस.

आणखी एक. वर 'पोरींनी कुठे हरवली' लिहिलंय, त्यावर एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. वही मी फाडली.
मैना, बुधवार