पुढच्या तारखेच्या नोंदी

३ मार्च
नवी नोकरी, नवं गाव, आणि घर चक्क हवेशीर! घरमालक खालीच राहतात. त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण माणूस लाखातला. बायको खूश, आमच्या सात वर्षांच्या चिमणीची शाळाही जवळ. काम सोपं वाटतंय. मृत्यूनोंदणी कार्यालयाची नवी वेबसाइट त्यांच्या अडतीस वर्षं जुन्या, म्हणजे माझ्याहून वर्षानेच लहान डेटाबेसला जोडायची. तो सांभाळणाऱ्यांना सगळे फाईलकाका म्हणतात. निवृत्तीला महिनाही उरलेला नाही. मला बघून म्हणाले, आता माझी सुटका झाली. वर चहाही पाजला.

७ मार्च
डोक्याचा पार भुगा झालाय. हा जुना प्रोग्राम काही चुकलं की नुसता गप्प बसतो, रुसलेल्या सासऱ्यासारखा. सरावासाठी वेगळी प्रतही नाही. शेवटी चालू नोंदवहीतच ओळखीची नावं घालून तीन खोट्या नोंदी केल्या. न्हावी, दहा तारीख, हृदयविकार. घरमालक, बारा तारीख, पडून. एकअंकी वय चालतं का, हे बघायला चिमणी, चौदा तारीख, संध्याकाळी सहा, ताप. तारखा मुद्दाम पुढच्या घातल्या, म्हणजे खऱ्या नोंदींत मिसळायला नकोत. मग वेबसाइटवरून तिन्ही पुसून टाकल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आलो.

१० मार्च
कोपऱ्यावरचा न्हावी सकाळी गेला. हृदयविकार. चारच दिवसांपूर्वी त्याने माझे केस कापले होते, फार वाईट वाटलं. योगायोग, दुसरं काय! तरी ऑफिसात जाऊन जुन्या प्रोग्राममधली नोंदवही उघडली. वेबसाइटवरून पुसलेल्या तिन्ही नोंदी तिथे जशाच्या तशा आहेत.

११ मार्च
फाईलकाकांना सगळं सांगितलं. यात पुसायची सोयच नाही, म्हणाले. पुढची तारीख कधीच घालायची नाही, हे इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात. मलाही कोणीतरी सांगितलं असेल, असं त्यांनी धरलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

१२ मार्च
घरमालक जिन्यावरून पडले. जागच्या जागी —
चिमणी दारात उभी राहून बघत होती.

१३ मार्च
यंत्र बंद केलं, वायरी उपटल्या. सुरू केल्यावर नोंद तिथेच. चिमणीचं अंग कोमट लागतंय. डॉक्टर म्हणतात, साधा ताप आहे.
काका म्हणाले, नोंद जात नाही, पण नाव आणि वय दुरुस्त करता येतं. मनाने एक नाव रचून घातलं, घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं घातलं, तेही नाही. जिवंत माणूसच लागतो. काका हळूच म्हणाले, माझं घाला.
निवृत्तीला अठरा दिवस उरलेला माणूस. कसं घालणार? मान वर करायची लाज वाटली.

१४ मार्च, दुपार
ताप एकशे चार. डोळे उघडत नाही. बायको पट्ट्या बदलतेय. मी ऑफिसात जाऊन आलो.
नाव दुरुस्त केलं. वय एकोणचाळीस. या वेळी एका झटक्यात घेतलं.

साडेचार
ताप उतरला. भूक लागली म्हणाली! बायको रडली, मीही रडलो. तिला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय —

पावणेसहा
मृत्यूचं कारण बदलता येत नव्हतं. नोंदीत ताप तसाच राहिला, सहाची वेळही. पेन धरलेला हात भाजतोय. बायको म्हणते, किती दमलात, जरा पडा. खरंच दमलोय. भीती वाटते, खूप वाटते. पण पुन्हा तेच करीन.
चिमणी हाका मारतेय. गोष्ट हवी आहे, लांबलचक, राक्षसाची. तिला छोटीशीच —
आलो गं बाळा, एवढी ओळ झाली की