वैष्णवीचा खण

आई,

तुझ्या रुसलेल्या सुनेला आणायला मी चकलांब्याला चाललोय. तू शेतातून येईपर्यंत थांबलो तर गाडी चुकेल, म्हणून लिहून ठेवतोय.

वैष्णवी फोनवर म्हणाली, "एवढं लाखाचं किचन, आन मला चमचा ठिवायला जागा न्हाई. एक खण माझा करा, मंग येते."

म्हणून मी सगळे खण उघडून पाहिले. आई, तू बोटभर जागा वाया घालवली नाहीस. भांडी धुवायच्या मशिनीत कांदे, ओव्हनमध्ये वाळवणाच्या खारोड्या, कोपऱ्यातल्या फिरत्या कपाटात नानांचे फेटे. गॅसखालच्या मोठ्या खणात कोंबडी अंड्यांवर बसलीय. मी न विचारता आत आल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हळूच खण लावून घेतला.

शेवटी फिरतं कपाट वैष्णवीला दिलं. फेटे फ्रिजमध्ये आहेत, गारच राहतील.

आज चहा मागच्या चुलीवर करू नको, आतल्या नव्या गॅसवर कर. वास्तुशांतीपासून त्यावर असलेलं प्लास्टिक मी काढलंय. नानांनी विचारलं तर मांजरानं काढलं म्हण. घडीही त्यानंच घातली.

तुझा,
सुरज