झाड हलणार नाही

प्रिय ताई,

आधी खुर्चीत बस, चष्मा लाव आणि मगच पुढे वाच. उभ्या उभ्या वाचलंस तर तिथूनच ओरडशील, आणि तुझा आवाज काय आहे ते मला ठाऊक आहे. ठरल्याप्रमाणे या महिनाअखेरीला झाड तुझ्याकडे यायचं. झाड पुढच्या सीटवर पट्टा लावून, मी मागे सामानासारखी, आणि आमचे हे गाडी चालवताना मधूनमधून झाडालाच विचारणार, खिडकी उघडू का म्हणून. दर खेपेला असंच असतं. या खेपेला नाही. झाड मी देणार नाही. देताच येणार नाही हे जास्त खरं, आणि का ते सांगतेच. मधेच पत्र फाडू नकोस.

मुळात ते झाड एकीनेच घ्यायला हवं होतं. पण रोपवाटिकेत बुटक्या जातीचं छत्रीचं झाड एकच उरलेलं, आणि आपण दोघींनी एकाच वेळी कुंडीचा काठ धरला. एवढंसं होतं, वीतभर. देठाच्या टोकाला पानं अशी गोल पसरलेली की बाहुलीच्या हातात द्यावं. साठी ओलांडलेल्या दोन बायका भर दुकानात कचाकचा भांडलो. शेवटी रोपवाटिकावाल्याने हात जोडले आणि म्हणाला, बाई, सहा महिने तुम्ही ठेवा, सहा महिने तुम्ही, पण माझं गिऱ्हाईक पळवू नका. बिचाऱ्याला काय माहीत आपण ते खरंच मनावर घेऊ.

तुझा जन्म गेला शाळेत पोरांना कवायत शिकवण्यात, माझा गेला लोकांचे ढगळ कपडे मापात आणण्यात. झाडाचे हाल झाले ते यातूनच. तुझ्याकडे असलं की ते सावधान, माझ्याकडे आलं की विश्राम. तू तारा गुंडाळून फांद्या ओळीत आणायला निघालीस. कानीकपाळी ओरडून सांगितलं की बाई गं, या झाडाची फांदी आतून भुसभुशीत, ती वळायच्या आधी मोडते. त्याला कात्रीनेच वळण लावायचं. ज्या बाजूला फांदी हवी तिकडच्या कोंब फुटणाऱ्या डोळ्याच्या वर कापायचं आणि गप्प वाट बघायची. पण वाट बघणं तुझ्या शाळेत कुठल्याच इयत्तेला नव्हतं. दोन चांगल्या फांद्या कटकन मोडल्यास आणि मला सांगितलंस वाऱ्याने गेल्या. बंद खिडकीत कसला गं वारा?

बरं, मी काही फार गुणाची नाही. पानं कुंडीच्या मानाने मोठी दिसायला लागली म्हणून मी एका सकाळी सगळीच्या सगळी कापून टाकली, नुसते देठ ठेवले. अशाने नवी पानं बारीक येतात. पण तोपर्यंत ते झाड म्हणजे कापड उडालेल्या छत्र्यांचा जुडगा दिसत होतं, आणि नेमकी त्याच दुपारी तू न सांगता टपकलीस. चप्पलसुद्धा न काढता आल्या पावली परत. पुढे कितीतरी दिवस माझा फोन घेतला नाहीस, आणि ह्यांनी केला तर खुनी बाईच्या नवऱ्याशी मला बोलायचं नाही म्हणालीस. हे दिवसभर घरात ते पद मिरवत होते. मग ती चिमुकली, तुकतुकीत पानं आली, झाड कसं गच्च भरलं, आणि तू शेजारणींना सांगत सुटलीस की हा सगळा माझ्या हाताचा गुण. सांग बापडी. शेंड्याचं तर बोलायलाच नको. तू तो उंच वाढवून पाठवायचीस आणि मी घरात पाऊल टाकलं की आधी तोच छाटायची.

आता मुद्द्यावर येते. तुला त्याला पारंब्या फुटलेल्या बघायच्या होत्या ना? त्या फुटल्या! खोडातून, फांद्यांतून, चांगल्या पाचसहा. त्यासाठी हवा सतत दमट लागते, म्हणून मी ह्यांचा फिश टँक रिकामा करून झाडावर उलटा घातला. मासे स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात आहेत, सुखात आहेत. परवा ह्यांचा मित्र आला होता. काय शिजतंय म्हणून त्याने लाडात झाकण उचललं, तर आतून चार डोळे त्याच्याकडे बघतायत. जेवायला थांबलाच नाही. हे दोन दिवस माझ्याशी तुटक वागले, पण रोज पारंब्या बघायला मात्र सगळ्यात आधी तेच.

पारंबी लोंबायला लागली की तिला एकटं सोडून चालत नाही, हवेतच सुकते. मी सरबताच्या नळ्या उभ्या चिरल्या, एकेक पारंबी आत घातली, नळीत ओलं शेवाळ भरलं आणि खालची टोकं शिवणाच्या टाचण्यांनी मातीत रोवली. त्या आता जमिनीला लागल्यात. केसासारख्या आहेत अजून. गाडीला एक गचका बसला की गेल्याच. शिवाय जुनी कुंडी त्यांना पुरेना, म्हणून मी गवंडी बोलावून खिडकीखाली भिंतीलाच एक उथळ, रुंद कुंडी बांधून घेतली. हो, भिंतीला. हे म्हणाले, अगं, मग ताईंकडे न्यायची कशी? मी म्हटलं, तुम्ही तुमच्या माशांचं बघा. ज्या खोलीत हे सगळं झालंय ती माझी शिवणाची खोली. मशीन मी हॉलमध्ये आणलंय, त्यामुळे ह्यांच्या चहात दोरे सापडतात आणि ते दर घोटाला माझ्याकडे बघतात.

ताई, मागच्या खेपेला मला ताप होता म्हणून झाड न्यायला हे एकटेच आले होते. तू ह्यांना कुंडीला हात लावू दिला नाहीस, मीच खाली आणते म्हणालीस. हे गाडीत बसून राहिले. तू येईनास म्हणून जिना चढून आले, तर तू मधल्याच पायरीवर बसलेली, कुंडी मांडीवर, एक हात गुडघ्यावर, चेहरा पांढराफटक. काय झालं विचारलं तर म्हणालीस, झाड दमलंय, जरा बसवलंय त्याला. घरी आल्यावर हे ती गंमत म्हणून सांगत होते. मला हसू आलं नाही गं. मी नळ सोडून रडले. इकडे राहायला ये म्हणून तुला किती वेळा विनवलं, आणि दर वेळी तुझं एकच, मी कुणाकडे तुकडे मोडायला येणार नाही. बरं, नको येऊस माझ्याकडे. पण दुसऱ्याच दिवशी मी फिश टँक उलटा केला. आता निम्मं झाड तुझं आहे, ते भिंतीतून निघत नाही, आणि महिनाअखेरीपासून तुझी पाळी सुरू होते. ती तुला इथे येऊनच घ्यावी लागणार. खोलीला उंबरठा सोडला तर एक पायरी नाही, पलंग खिडकीशी लावलाय, आणि हे गाडी घेऊन येतील तेव्हा पुढची सीट तुझी. सहा महिने संपले की पुढचं भांडण आपण घरातल्या घरात करू. शेंडा मी या खेपेला कापलेला नाही. वेडावाकडा वाढून खिडकीच्या गजाला टेकलाय, बघवत नाही, हात नुसते शिवशिवतात. पण तो तुझ्यासाठी ठेवलाय. लवकर ये.

तुझीच, आणि हट्टात तुझ्यावरच गेलेली,
धाकटी

ता. क. शाळेची शिट्टी बरोबर आण. हे सकाळी हाकेने उठत नाहीत.