दातावर दात, भिंतीवर जपान

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, आणि भावजींचा रक्तदाब निदान माझं नाव निघेपर्यंत तरी ताब्यात राहत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. म्हणजे दवाखाना ठीक, मी वैतागलेला.

फोनवर तू इतकी बोललीस की मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही (आणि दुसऱ्यांना तोंड उघडायला लावण्यावर माझं पोट आहे!), म्हणून लिहितोय. लेकीचा दातावर आलेला दात काढ, तारा लाव आणि तिला सरळ करून पाठव, असं बजावून तू तिला माझ्याकडे धाडलंस. ती दातासकट परत आली. आता तू म्हणतेस, सगळा दोष माझ्या भिंतीचा.

जुन्या जपानी सिनेमांची पोस्टरं हा माझा एकुलता एक नाद. तुझी भावजय त्याला नाद म्हणत नाही, दुखणं म्हणते. पण तूच सांग, अर्धा कागद व्यापणारा नटीचा एकच भलामोठा चेहरा, त्याच्या हनुवटीखाली जीव घेऊन पळणारी मुंगीएवढी माणसं, आणि छपाई जराशी सरकल्यामुळे ओठांचा लाल रंग ओठांबाहेर गेलेला. असली चीज काय कपाटात कोंबून ठेवायची? मी ती दवाखान्यात लावायला काढली, तर आधी फ्रेमवाल्याने घात केला. कडेची उभी जपानी अक्षरं त्याने सरळ कापून टाकली, का तर तयार फ्रेमच्या मापात बसत नव्हती. मी बोंब मारली, तर शांतपणे विचारतो, "तुम्हाला वाचता येतं का?" येत नाही, पण म्हणून काय! (ती नटी कोण, हे आता मला या जन्मी कळणार नाही.) मग आ वासून ओरडणारा एक तलवारवाला मी खुर्चीसमोर लावला, कारण त्याच्या खालच्या दाढा खरोखर बघण्यासारख्या आहेत. तर पेशंट त्याला बघून तोंड घट्ट मिटायला लागले. शेवटी तुझ्या भावजयीने त्याच्या तोंडावर 'कृपया शांतता राखा' अशी पाटी चिकटवली.

त्याच्या शेजारी आशियातल्या जुन्या नट्यांचे फोटो आहेत. स्टुडिओत काढलेले, मागे रंगवलेला बगीचा. बहुतेक सगळ्या ओठ मिटून हसतात, याचा मला धंद्यापायी फार त्रास होतो. एकच बाई खळखळून हसली आहे, आणि तिचा सुळा शेजारच्या दातावर खुशाल चढून बसलाय. मी दातांचा साचा घ्यायला तुझ्या लेकीच्या तोंडात लगदा भरला आणि ही बया भिंतीकडे बोट करून हातवारे करायला लागली. मला वाटलं, गुदमरली! घाईघाईने लगदा काढला, तर म्हणते, "मामा, हिचा नाही काढला कुणी?"

"नसेल बाई काढला."

"मग माझा पण नको."

मी पुन्हा दात तपासला. कीड नाही, चावताना दात नीट जुळतात, हिरडी ठणठणीत. काढायला कारण काय सांगू? आणि जी बाई पोस्टरांच्या बाजूने आजवर चकार शब्द बोललेली नाही, ती तुझी भावजय मागून म्हणते, "राहू दे हो, गोड दिसतो." घरातच फितुरी!

लोक नावं ठेवतील, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे. पण ताई, तो दात पोरीला दुखत नाही, तो फक्त तुला खुपतो. मी तो काढणार नाही. तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलंस, तर मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही. उलट फार बोलेन.

भावजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
वैतागलेला धाकटा

ता. क. : येऊन ती भिंत मोकळी करते म्हणालीस. ये. पण आधी पुढचं वाच.

ता. क. २ : जुन्या अल्बममध्ये तुझा शाळेतला एक फोटो मिळाला. तू हसते आहेस आणि तुझा सुळा तस्साच चढून बसलाय. पुढच्याच वर्षी बाबांनी तुला नेऊन तो काढवला, आणि त्यानंतरच्या एकाही फोटोत तुझे ओठ उघडलेले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. तो फोटो मोठा करून नट्यांच्या रांगेत लावायला तुझी परवानगी हवी होती.

ता. क. ३ : लावलाय. लेक इथे होती तेव्हाच लावला. जाताना ती त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "मामा, ही कुठल्या देशातली?" मी सांगितलं नाही. ते तू सांग.