हात न लावलेली फाइल

प्रिय दादा,

नानांचं मशीन मंगळवारपासून बंद आहे आणि ते बंद करायला मीच लावलं, हे आधी सांगून मोकळी होते. वहिनीवर चिडू नकोस, तिचा यात काडीचाही दोष नाही. फ्यूज उडालाय, रविवारी वायरमन येणार आहे, असं तिने तुला सांगितलं ते माझ्यासाठी. कृपा करून वायरमनला येऊ देऊ नकोस आणि मशीन चालू करू नकोस. का ते लिहिते, पण मला एका जागी बसवत नाहीये. सकाळपासून चार वेळा चहा ठेवला आणि चारही वेळा तो गार होऊन मोरीत गेला.

तुला आठवतं, नानांनी घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत तो न्यूज सर्व्हर, म्हणजे नेटवरून कुणीही टिपण टाकावं आणि वाचावं असा फळा, मांडला तेव्हा आपण दोघं किती हसलो होतो? जुन्या भिंतीवरच्या घड्याळांवर जगात कोण कोणाला काय लिहिणार, असं तू म्हणाला होतास. आणि मग बघता बघता कुठून कुठून माणसं येऊन टिपणं टाकायला लागली. लंबक अडखळतो, टोले चुकतात, अमुक चाकाचे दात झिजलेत, आणि नाना एका बोटाने टाइप करत प्रत्येकाला उत्तर द्यायचे. एकोणीस वर्षांत अकराशेच्या वर टिपणं. ते गेल्यावर मी तुला काय म्हणाले, तेही आठवत असेल. बंद करून टाक ते खटारं, आता कोण वाचतंय? तू म्हणालास, तू आपली खोकी बांध, यात तोंड घालू नकोस. झोंबलं मला. पण खरंच होतं, दादा. माझं काम तेच आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, आपल्या सिस्टिमवर चालेल असा बसवायचा, त्याच्या फाइली कुठे ठेवायच्या ते ठरवायचं, आणि एका पॅकेजमध्ये बांधून द्यायचा. लोकांनी एक आज्ञा दिली की झालं. कुणी बांधलंय याची कुणाला फिकीर नसते.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. नानांच्या सर्व्हरचं पॅकेज ज्या गृहस्थांकडे होतं, त्यांनी गेल्या वर्षी राजीनामा दिला. कुणी वाली नाही म्हटल्यावर सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीतून ते काढून टाकायचं ठरत होतं. मी हात वर केला. तुला कळवलं नाही, कारण आपण बोलतच नव्हतो, आणि दुसरं म्हणजे मला बढाई मारायची नव्हती. बरं, मारायची होती, पण तू फोन उचलत नव्हतास.

नवी आवृत्ती बांधताना मी साफसफाई केली, आणि तिथेच घात झाला. टिपणं किती दिवस ठेवायची हे सांगणारी एक छोटी फाइल असते. जुन्या गृहस्थांनी तिच्यात 'कायम' लिहून ठेवलं होतं. मला ते गबाळेपणाचं वाटलं. डिस्क भरून जाईल, म्हणून मी 'दहा दिवस' केलं. आमचा नियम असा, की मशीनच्या मालकाने फाइलीत एक अक्षर जरी बदललं असेल तर नवं पॅकेज तिला धक्का लावत नाही. पण तिला कधी हातच लावला नसेल, तर गुपचूप नवी फाइल आणून ठेवतं. ज्याने हात लावला नाही त्याला तिची पर्वा नाही, असं आम्ही धरून चालतो. मीही चालले. मंगळवारी सकाळी हेच पॅकेज वापरणाऱ्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंची मेल आली. बाळ, काल माझ्याकडे बारा वर्षांचं लिखाण होतं, आज दहा दिवसांचंच आहे, असं कसं झालं?

दर मंगळवारी, दुकान बंद असतं तेव्हा, अकरा वाजता नानांचं मशीन नवी पॅकेजेस घेतं आणि बाराला मुदत उलटलेली टिपणं झाडून टाकतं. वेळा नानांनीच लावल्यात. मला मेल दिसली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. तुला सहा वेळा फोन केला. मग वहिनीला केला. ती बिचारी धावत मागे गेली, कुठली वायर कुठली ते कळेना, म्हणून तिने सगळ्याच उपटल्या. तुमचा फ्रिज त्यातच गेला. मी विचारलं, वहिनी, उपटल्या तेव्हा किती वाजले होते? तर म्हणते, कुठल्या घड्याळात? दुरुस्तीला आलेल्यांतलं एक बाराला पाच कमी दाखवत होतं, एक बारा वाजून दहा, आणि नानांचं मोठं बंद आहे. फोन ती घरातच ठेवून गेली होती, आणि परत येऊन बोलली तेव्हा माझ्याकडे बारा वाजून गेले होते. म्हणजे झाडू फिरला की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. नसेल फिरला, तर मशीन चालू होताच राहिलेला फेरा ते आधी पुरा करेल. चूक मी पाऊण तासात दुरुस्त करून पाठवली, पण तुझ्याकडे आधीचंच पोचलं होतं.

नानांनी त्या फाइलीला कधी हात लावला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकाने त्यांना विचारलं होतं, तुमची टिपणं पुसली जाणार नाहीत कशावरून? नानांनी लिहिलं, ज्याने बांधून दिलंय त्याने विचार करूनच दिलं असेल, माझी मुलगीही हेच काम करते, ही माणसं फार जपून करतात. हे टिपण मला पाठ आहे, दादा. पण उतरवून घेतलेलं नाही. हे नाही आणि दुसरं एकही नाही. लोकांना बॅकअप घ्या म्हणून सांगत हिंडणारी मी.

वहिनीने मंगळवारी फोनवर एक गोष्ट सांगितली आणि त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. ती म्हणाली, मशीनच्या नोंदीत दिसतं, रोज सकाळी सातला बाहेरून कुणीतरी एक माणूस येऊन नानांचं एक टिपण वाचून जातो. तो कोण ते तुला माहीत नाही, पण तेवढ्या एका माणसासाठी तू दोन वर्षं ते मशीन पुसतोस, पंखा बदलतोस, वीज गेली की दुकान सोडून मागे पळतोस. दादा, ती मी आहे. शनिवारी पहिल्या गाडीने येतेय. डिस्क मी माझ्या लॅपटॉपला लावून बघेन, त्याने काही पुसलं जाणार नाही. पण एकटीने उघडायचा धीर होत नाही. तू शेजारी खुर्ची घेऊन बस.

तुझीच,
खोकीवाली